वालाच्या शेतातली सीडी

माझ्या होम थिएटरसाठी मी चुकीचा प्लेअर निवडला आणि ती चूक झाकायला माझ्या काकीच्या सीडीवर खोटा आळ घेतला. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो. गोष्ट लांबवायची मला सवय आहे, आणि ही गोष्ट मी तीन हिवाळे लांबवली.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. भात कापून झालंय. खाचरांत उरलेल्या ओलीवर टाकलेले वाल गुडघ्याएवढे वाढलेत, शेंगा भरायला लागल्यात. सकाळी बांधावरून चालताना पँटचे पाय दवाने भिजतात. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला खारट वास असतो, आणि त्याच वाऱ्यावर मागच्या रस्त्यावरच्या कंटेनरच्या ट्रेलरांची घरघरही येते. संध्याकाळी कुठूनतरी भाजल्या शेंगांचा, ओव्याचा, भांबुर्डीच्या पाल्याचा वास आला की कळतं, कुणीतरी पोपटी लावली आहे. मडक्यात शेंगा भरायच्या, तोंडाला पाला कोंबायचा, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. त्या वासाने आमच्या गावची माणसं सैल होतात. मी आखडतो.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. आमच्या दोन घरांमध्ये एक बांध आणि तिच्या वालाचा तुकडा, एवढंच अंतर. काका गेल्यावर ती मुलाकडे, जनार्दनकडेच राहते. पण गावात कुणी तिला जनार्दनची आई म्हणून ओळखत नाही. ती धवलारीण. आमच्याकडे लग्न लागायचं तर भटजी लागतोच, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. उंबराची फांदी आणताना, जात्यावर हळद दळताना, नवरीला न्हाऊ घालताना, प्रत्येक विधीला तिचं गाणं, म्हणजे धवळा, वेगळा, आणि तो म्हटल्याशिवाय तो विधी पुरा झाला असं कुणी मानत नाही. काकीने आसपासच्या पाच गावांतल्या पोरी आपल्या आवाजावर सासरी पाठवल्या. आवाज गोड नव्हता तिचा. जाडसर, थोडा चिरका, पण दमाचा. लहानपणी मी मिठागराच्या बांधावर बापाबरोबर असायचो, तेव्हा वाऱ्यावरून गावातला धवळा ऐकू यायचा. बाप फावडं टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "हळद लागली बघ." त्याला दिसत काही नसायचं. काकीच्या आवाजावरून कळायचं.

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, बाई वाचली, आवाज गेला. म्हणजे बोलता येतं. पण बोलणं असं की कुणी कानाशी येऊन कुजबुजतंय. गाणं नाही.

उरली ती सीडी. माझ्याच लग्नाची. त्या काळी लग्नाचं शूटिंग करणारे दोन दोन सीडींचे संच द्यायचे; एक संच मला मिळाला, एक काकीने हट्टाने मागून घेतला, कारण त्यात सगळे धवळे पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. माझा संच मी नवं घर बांधताना टाकून दिला. जुन्या वायरी, फुटके रिमोट, कॅसेटी आणि लग्न, सगळं एकाच गोणीत. बायको, सुनंदा, तेव्हा म्हणाली होती, "आपल्या लग्नाची आहे ती." मी म्हटलं, "चित्र बघवतं का त्यातलं? सगळे चौकोन चौकोन." मला तेव्हा चित्राचा आणि आवाजाचा दर्जा कळायला लागला होता. त्याच्याआधी जे कळत होतं ते विसरायलाही लागलो होतो.

मी कंटेनर यार्डात कारकून. दिवसभर डबे मोजायचे, शिक्के मारायचे, ट्रेलरचे भोंगे ऐकायचे. पन्नाशीजवळ आल्यावर मला चांगल्या आवाजाचं वेड लागलं. हॉलच्या भिंतींना फोम लावला, पडदे जाड केले, पाच स्पीकर आणि एक वूफर मापं घेऊन बसवले. गावात कुणाच्या घरी टीव्हीचा आवाज फाटला की मला बोलावणं यायचं. "त्याला साऊंडमधलं कळतं," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मी दारात जरा जास्त वेळ रेंगाळायचो.

राहिला होता प्लेअर. उरणच्या बाजारात ज्या दुकानातून मी बाकी सामान घेतलं होतं त्या शेठने मला पाहून कपाळाला हात लावला.

"डिस्क? अरे साहेब, आता डिस्क कोण लावते? मुझियम खोलायचा छे काय?"

मी त्याला इंटरनेटवरून दाबून आलेला आवाज आणि डिस्कवरचा न दाबलेला आवाज यातला फरक सांगायला लागलो. त्याने हात जोडले आणि दोन मशिनी काउंटरवर ठेवल्या. एक लहान, हलकी, राखाडी प्लास्टिकची, पुढे निळा दिवा. "हा सगळा खाते. सीडी, जुनी लग्नाची सीडी, चरे पडलेली, काय पण." दुसरी काळी, जड, पुढचा पत्रा ब्रश केलेला, ट्रे बाहेर यायचा तो असा, जणू साखरेवरून सरकतोय. "हा राजा माणूस. पण जुना माल खात नाय हां. घरी काय काय डिस्क हाय ते बघून घ्या."

मी ऐकलं. ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. पण माझ्या काळ्या रिसीव्हरशेजारी ती राखाडी डबी कशी दिसेल हेच माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी राजा माणूस उचलला.

त्या दिवशी सकाळी निघताना काकी बांधावर उभी होती. हातात साडीच्या तुकड्याची पिशवी, पिशवीत सीडी.

"बाला, ही ने. दुकानात लावून बघ, वाजते का."

"कशाला काकी? सगळ्या मशिनी सारख्याच असतात."

"नक्की ना? मिनलच्या हलदीला लावाची हाय मना. माजाच धवला लागंल माज्या नातीला."

"नक्की."

खरी गोष्ट अशी, की त्या दुकानात, त्या शेठपुढे, साडीच्या तुकड्यातून जुन्या लग्नाची सीडी काढायची मला लाज वाटली. लाज तेव्हा अशी चुकीच्या जागी खर्च झाली.

रविवारी दुपारी मी सगळ्यांना बोलावलं. पोपटी जनार्दनच्या अंगणात लागायची होती, त्याआधी माझ्याकडे आवाज ऐकायला या, असं. पंधरा-वीस माणसं हॉलमध्ये. आधी मी नव्या डिस्कमधला पाऊस लावला. थेंब पाठीमागच्या भिंतीतून पुढे चालत आले. बायकांनी मागे वळून पाहिलं. जनार्दनने छपराकडे पाहिलं. मी रिमोट हातात धरून असा उभा होतो, जसा तो पाऊस मीच पाडला.

मग काकीने पिशवी सोडली. सीडी पदराने पुसली, कडेने धरून माझ्या हातात दिली. ट्रे साखरेवरून आत गेला. मशीन थोडा वेळ आत काहीतरी चाचपत राहिली, आणि पडद्यावर अक्षरं आली: डिस्क वाचता येत नाही. मी पुन्हा घातली. पुन्हा तेच. दुसरी सीडी घातली. तेच.

जनार्दन हसला. तो मनाने वाईट नाही, पण त्याला असा घास सोडवत नाही. "दादा, येवढा मोठा डबा आणलास न लग्नाची सीडी वाजवत न्हाय? माजं जुनं डबडं मोडाच्या आदी त्यावर वाजायची रं ही!"

सगळे हसले. शेठचं वाक्य माझ्या कानात स्वच्छ वाजलं, पाचही स्पीकरांतून. एवढंच म्हणायचं होतं, की मशीन मी चुकीची आणली. त्याऐवजी मी सीडी उजेडाकडे धरली, डॉक्टर एक्स-रे धरतात तशी, आणि म्हटलं, "मशीन काय करणार? सीडीच खराब झालेय. बघ, डाग पडलेत."

डाग नव्हते. दोन बारीक चरे होते.

"पनवेलला कुनाला दावूया का?" काकीने विचारलं. खालच्या आवाजात, तिच्याकडे दुसरा आवाजच नव्हता.

"काही उपयोग नाही काकी. गेली ती."

सुनंदा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहा वाटायला लागली.

त्याच संध्याकाळी मी मशिनीबरोबरचं पुस्तक काढून वाचलं. कुठल्या डिस्क चालतात त्याची यादी होती. लग्नाची सीडी ज्या प्रकारची असते तो प्रकार त्या यादीत नव्हता. मी पुस्तक मिटलं आणि कपाटात, चादरींच्या खाली ठेवलं. कुणापासून लपवत होतो? घरात ते पुस्तक वाचणारा मीच.

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, एवढं एक वाक्य आहे, हवेत विरून जाईल. आमच्या मिठागरात पाणी असंच उथळ दिसतं. ऊन त्यावर रोज थोडं थोडं काम करतं, आणि एके सकाळी पाणी नसतं, खाली कडक पांढरा थर असतो.

चार दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास मी हॉलमध्ये बसलो होतो. जाड पडदे बाजूला होते. अचानक पडद्याशेजारच्या भिंतीवर उजेडाचा एक गोल आला, थरथरला, स्पीकरवरून चालत गेला, नाहीसा झाला आणि पुन्हा आला. मी खिडकीतून पाहिलं. काकीच्या वालाच्या तुकड्यात बांबूला दोरा बांधून सीडी टांगली होती. पोपट येतात ना शेंगांवर, त्यांना चमक दाखवून हाकलायला. आमच्याकडे सगळेच टांगतात, वाया गेलेल्या सीडी. काकीने वाया गेलेली म्हणूनच टांगली होती. माझ्या शब्दावर.

एकदा मी ती काढायला गेलोही. दोन्ही सीडी एकाच दोऱ्यात होत्या, एकमेकींवर घासत होत्या. हात लावला तेवढ्यात जनार्दनची बायको घागर घेऊन बांधावर आली. "काय भावजी?"

"काही नाही. शेंगा बघत होतो."

"न्या की पसाभर."

मी पसाभर शेंगा घेऊन घरी आलो. सुनंदाने त्या सोलल्या नाहीत. दोन दिवस ओट्यावर पडून सुकल्या.

मग वैशाखात जनार्दनच्या मिनलचं लग्न झालं. मांडवात आवाज चांगला हवा म्हणून जनार्दनने माझे स्पीकर मागितले. मी स्वतः वाहून नेले, स्वतः जोडले. पाटावर मिनल बसली, पिवळी साडी, गुडघ्यांवर हात. हळदीची वाटी फिरायची वेळ आली. डीजेवाल्याने गाणं थांबवलं, कारण इथे धवळा असतो हे त्यालाही माहीत होतं. मांडव शांत झाला. बायकांनी काकीकडे पाहिलं. दुसऱ्या गावची धवलारीण आणूया असं जनार्दन म्हणाला होता, काकीने ऐकलं नव्हतं. ती उठली, मिनलमागे उभी राहिली आणि धवळा म्हणायला लागली. ओठ हलत होते. मान हलत होती. हात ताल धरत होता. आवाज नव्हता. पुढच्या रांगेतल्या दोन बायका पदरात हसल्या. डीजेवाल्याला वाटलं झालं, आणि त्याने गाणं सुरू केलं. माझ्या स्पीकरांतून. काकीचे ओठ आणखी थोडा वेळ हलत राहिले.

मी मांडवाच्या खांबाशी होतो. वायर धरून.

त्यानंतर मी गुपचूप बरंच काही केलं, जे करून काहीच होत नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा शोध घेतला. तो वारला होता, त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. सासरवाडीला विचारलं, त्यांच्याकडे फोटोंचा आल्बम निघाला, सीडी नाही. त्या शेठकडून मी ती राखाडी डबीही आणली. "बोल्ला होता ना साहेब," तो म्हणाला. डबी खोक्यातच राहिली. तिच्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. काकीला रोज भेटत होतो. औषधं आणून देत होतो, दिवाळीला साडी नेत होतो, आणि ती दरवेळी तिच्या त्या कुजबुजीत "बाला माजा" म्हणायची. ते सहन करणं ही माझी शिक्षा आहे असं मी स्वतःला सांगायचो. आता वाटतं, शिक्षा कसली, तो पण एक फायदाच होता.

तीन हिवाळे तो उजेडाचा गोल भिंतीवर यायचा. शेंगा निघाल्या की काकी बांबू गोठ्यात ठेवायची, वाल आले की पुन्हा रोवायची. मला त्या गोलाची वेळ पाठ झाली. दहाला पडद्याशेजारी, साडेदहाला दरवाजाच्या चौकटीवर. मी त्या वेळेला हॉलमध्ये बसायचं टाळायचो, आणि तरी बसायचो.

यंदा गोल आला नाही.

आठवडाभर वाट पाहिली. बांबू तर दिसत होता, दोराही दिसत होता. शेवटी मी गेलो. सीडी जागेवर होत्या. दवाने, उन्हाने, खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावरचा चांदीचा थर पापुद्र्यासारखा निघून गेला होता. नुसतं प्लास्टिक उरलं होतं, काचेसारखं. त्यातून पलीकडचे वाल दिसत होते, काकीचं घर दिसत होतं. माझं लग्न, उंबर, जातं, हळद, काकीचा दमदार आवाज, सगळं त्या वालात गळून पडलं होतं. बाजूच्या वेलीवर एक पोपट बसून निवांत शेंग सोलत होता.

काकी ओटीवर शेंगा निवडत बसली होती. मी समोर खालीच बसलो.

"काकी, सीडी चांगली होती."

तिने हातातली शेंग मोडली. कीड बघितली. "कंची?"

"तुझी. माझ्या मशीनला ती चालत नव्हती. मी सांगितलं सीडी खराब आहे म्हणून. खोटं सांगितलं."

तिने पुढची शेंग उचलली. शेंगांचा ढीग डावीकडून उजवीकडे जात राहिला.

"तुना कवा कललं?"

"त्याच दिवशी."

"म्हंजे हलदीच्या आदी."

"हो."

"पनवेलला न्हेली आसती तर?"

"वाजली असती."

ती थांबली. तिला बोलायला दम लागतो. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. मला वाटलं, रडेल किंवा शिवी देईल. दोन्हीसाठी मी तयार होऊन आलो होतो.

"मना वाटलं माज्यानीच नासली," ती म्हणाली. "ट्रंकेत डांबरगोल्यांसंगती ठेवली व्हती. मी म्हनलं, त्यानीच जलली. तीन वरसं मी माज्याच तोंडात मारून घेतंय. जनार्दन आजून बोलतो, आये, तुना येक सीडी सांभालता आली न्हाय. मी गप. काय बोलू? तुना साऊंडमदलं कलतं."

हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी माझ्या अपराधाचा विचार करत होतो, इतका, की त्या अपराधाचं ओझं दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर आहे हे पाहायला मी मान वर केली नव्हती. मी म्हटलं, "काकी, मला माफ कर." पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"हितं नको," ती म्हणाली. "बोललास तवा सगल्यांम्होरं बोललास ना? न मना हितं येकटीला कोपऱ्यात सांगतंस? रईवारी पोपटी हाय. सगली यतील. तवा सांग."

"सांगतो."

"न उगाच लांबवू नको. तुना सवय हाय."

रविवारी दिवस अजून वर होता तेव्हाच जनार्दनने मडकं लावलं. तीच माणसं, तीच अंगणाची कडा. मिनल माहेरपणाला आली होती, कडेवर वर्षाची पोर. जाळ बसला, मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं, चुर्र वाजलं, म्हणजे झालं. जनार्दनने मडकं गोणपाटात धरून उचललं आणि केळीच्या पानावर ओतलं. वाफ उठली. त्या वासात सगळे पुढे वाकले.

"दादा, घे ना! का आजून साऊंड लावाचाय?" जनार्दन म्हणाला, आणि सगळे हसले.

मी उभाच होतो. काकी पलीकडे पाटावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने एक शेंग उचलली, गरम होती म्हणून या हातातून त्या हातात घेतली, आणि सोलायची थांबली. सुनंदाने शेजारच्या बाईचं बोलणं हाताने थांबवलं. मला जे सांगायचं होतं ते मी आठवडाभर मनात फार सुंदर रचलं होतं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

"थांबा जरा," मी म्हटलं. "जनार्दन, तू पण ऐक. काकीची सीडी खराब नव्हती. काकीने ती नीट सांभाळली होती. माझी मशीन चुकीची होती, आणि मला ते माहीत होतं. तुम्ही हसाल म्हणून मी खोटं बोललो. मिनल, तुझ्या हळदीला आजीचा आवाज लागला असता, तो माझ्यामुळे लागला नाही. काकी, तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती. मला माफ कर."